पणजोबांचं मृत्युपत्र शोधताना: सोलापुरात सुरुवात कुठून करायची

आमच्या घरच्या वंशावळीत एकाही बाईचं नाव नव्हतं. काकांनी वहीच्या मधल्या दोन पानांवर झाड काढलेलं होतं. वर खापरपणजोबा, खाली त्यांचे तीन मुलगे, मग त्या मुलग्यांचे मुलगे. जातीच्या दाखल्यासाठी लिहून दिलेली वंशावळही तशीच होती. मग एकदा शुक्रवार पेठेतल्या जुन्या घराचे कागद चाळताना पणजोबांच्या मृत्युपत्राचा दस्त नंबर हाती लागला. नक्कल काढली, आणि तिसऱ्या पानावर ही ओळ होती: "माझी थोरली मुलगी प्रथम संबंधाची, हल्ली राहणार तालुका मंगळवेढे, संस्थान सांगली, हीस चोळीबांगडीकरिता दरसाल रुपये १२ माझे पश्चात देत जावे." आजोबांना एक सावत्र मोठी बहीण होती, हे घरात कुणालाही माहीत नव्हतं.

म्हणून घराण्याचा शोध घेणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते, मृत्युपत्र शोधा. सातबारा जमीन सांगतो, वंशावळ मुलगे सांगते. लेकीबाळी, सासुरवाशिणी, पहिली बायको, विधवा वहिनी, दत्तक आलेला पुतण्या ही सगळी माणसं एका कागदावर, नात्यासकट आणि गावासकट, बहुधा मृत्युपत्रातच भेटतात.

आधी हे ठरवा: मृत्युपत्र असण्याची शक्यता आहे का?

प्रत्येक पूर्वजाने मृत्युपत्र केलेलं नसतं, आणि त्याला कायद्याचं कारण आहे. मिताक्षरा पद्धतीच्या, म्हणजे हिंदू कायद्याच्या त्या नावाच्या शाखेप्रमाणे चालणाऱ्या, एकत्र कुटुंबात वडिलोपार्जित मिळकतीतला आपला अविभक्त हिस्सा मृत्युपत्राने कुणाला देता येत नव्हता. ती मुभा १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम ३० ने मिळाली. त्यामुळे त्याआधीचं मृत्युपत्र शोधताना पुढचे लोक आधी डोळ्यांसमोर आणा: निपुत्रिक गेलेले, भावांपासून वाटणी करून वेगळे राहिलेले, स्वकष्टाने घर-दुकान उभं केलेले, आणि स्त्रीधन असलेल्या बायका.

सोलापुरात स्वकष्टार्जित मिळकतीची घरं भरपूर. १८७७ मध्ये जुनी गिरणी निघाली, आणि तेलंगणातून, कर्नाटकातून, मराठवाड्यातून माणसं माग आणि गिरणीच्या कामाला इथे आली. गावाकडची जमीन मागे राहिली, पेठेतलं घर मात्र स्वतःच्या कमाईचं होतं. अशा घराची व्यवस्था लावायला मृत्युपत्र करणं साहजिक होतं. मुस्लिम घराण्यात शोधत असाल तर 'वसीयतनामा' हा शब्द लक्षात ठेवा. तिथे वारसांच्या संमतीशिवाय साधारण एक तृतीयांश मालमत्तेपुरतीच वसीयत करता येते, म्हणून त्यात बाहेरच्या माणसांची आणि धर्मादायाची नावं जास्त दिसतात.

पहिली पायरी: घरातली पत्र्याची पेटी

कुठल्याही कार्यालयाची पायरी चढण्याआधी घरातले कागद बघा. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क नाही, त्यामुळे ते साध्या कागदावरही असू शकतं. स्टॅम्पपेपर नाही म्हणून कागद बाजूला टाकू नका. मागच्या पानावर गोल शिक्का, अंगठ्याचा ठसा आणि नंबर असेल तर ते नोंदवलेलं आहे.

घरातल्या सगळ्यात वयस्क बाईशी सावकाश बोला. "मृत्युपत्र होतं का?" असं विचाराल तर "नाही बाई" हेच उत्तर येईल. त्यापेक्षा "घर कुणाच्या नावावर कसं झालं?", "भाऊबीजेला कोण कोण येत होत्या?", "कोर्टकचेरी झाली होती का?" असं विचारा. आमच्या मोठ्या आत्याने भाऊबीजेच्या प्रश्नावर "मंगळवेढ्याहून एक म्हातारी यायची, पण ती कोण होती ते कुणी सांगितलं नाही" असं उत्तर दिलं होतं. तेव्हा मी ते नीट ऐकलं नाही.

काही घराण्यांकडे हेळवी येत. घराण्याची पिढीजात नावं तोंडपाठ सांगणारी ही माणसं कर्नाटक सीमेलगतच्या आपल्या भागात चांगली ठाऊक आहेत. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतही पिढ्या सापडतात. तिथून मिळालेली नावं पुढे सूची शोधताना उपयोगी पडतात.

दुसरी पायरी: प्रॉपर्टी कार्ड आणि फेरफार

नवखे लोक थेट दुय्यम निबंधकांकडे जातात आणि रिकाम्या हाताने परततात. नंबर, वर्ष, तारीख यांपैकी काहीच हाती नसतं. हा तपशील मिळवण्याची खरी जागा आधीची आहे.

शहरातल्या घरासाठी नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका काढा, जिला आपण प्रॉपर्टी कार्ड म्हणतो. त्यासाठी सिटी सर्व्हे नंबर लागतो. तो जुन्या खरेदीखतात मिळतो. पत्रिकेवर तारखेप्रमाणे व्यवहार लिहिलेले असतात. त्यात "मृत्युपत्रान्वये नाव दाखल" अशी ओळ दिसली की बाजूची तारीख आणि नंबर उतरवून घ्या. फक्त आजची पत्रिका घेऊन थांबू नका. जुनी, हाताने लिहिलेली पत्रिका आणि चौकशी नोंदवहीचा उतारा मागा.

शेतजमीन असेल तर फेरफार बघा. फेरफाराची नोंद म्हणजे त्या दिवशी तलाठ्याने लिहून ठेवलेली हकीकत. ती अशी असते: अमुक खातेदार अमुक तारखेस मयत, त्याने रजिस्टर मृत्युपत्र नंबर अमुक करून ठेवले, वर्दी आल्यावरून वारसांचे जाबजबाब घेऊन नोंद केली. जाबजबाब कुणाकुणाचे घेतले ती नावंही वाचा. जुने फेरफार तलाठ्याकडे (आता पदनाम ग्राम महसूल अधिकारी) नसतील तर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात अर्ज द्या. वारस नोंदींची वेगळी वही असते, गाव नमुना ६-क. तीही मागा.

तिसरी पायरी: मृत्यूची तारीख

ही पायरी टाळू नका, कारण पुढचा सगळा हक्क तिच्यावर उभा आहे. शहरात मृत्यू झाला असेल तर महापालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात, खेड्यात झाला असेल तर जुन्या कोतवाल बुकात, म्हणजे गाव नमुना १४ मध्ये, नोंद शोधा. तारीख नेमकी नसेल तरी चालेल, पण वर्षाच्या आसपास पोहोचा.

चौथी पायरी: दुय्यम निबंधक कार्यालय आणि पुस्तक क्रमांक ३

इथे थोडं थांबून समजून घ्या, कारण बहुतेकांची गाडी इथेच अडते.

१९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे कार्यालयात वेगवेगळी पुस्तकं ठेवतात. खरेदीखतं, गहाणखतं, वाटणीपत्रं पुस्तक १ मध्ये जातात. मृत्युपत्रं आणि दत्तक घेण्याची अधिकारपत्रं पुस्तक ३ मध्ये जातात. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च करून जो इंडेक्स २ आपण बघतो तो पुस्तक १ चा. त्यात मृत्युपत्र सापडत नाही म्हणून "मृत्युपत्र नव्हतंच" असं समजू नका. मृत्युपत्राची सूची वेगळी, सूची क्रमांक ३.

आता हक्काचं बोलू. मला एका कार्यालयात सांगितलं गेलं की मृत्युपत्राची नक्कल फक्त वारसालाच मिळते, तीही कोर्टाचा हुकूम असेल तर. मी दोन वेळा तशीच परत आले. नंतर कायदा स्वतः वाचला. कलम ५७ सांगतं की मृत्युपत्र करणारा हयात असेपर्यंत पुस्तक ३ ची नक्कल त्याला किंवा त्याच्या मुखत्यारालाच मिळते. तो वारल्यानंतर मात्र अर्ज करणाऱ्या कोणत्याही व्यक्तीला मिळते. म्हणून मृत्यूचा दाखला सोबत न्या. तिथल्या माणसाशी वाद न घालता अर्जातच कलम लिहा. तिसऱ्या वेळी मी तसंच केलं आणि अर्ज घेतला गेला.

त्याच कलमात आणखी एक गोष्ट आहे: पुस्तक ३ मधला शोध नोंदणी अधिकाऱ्यानेच घ्यायचा असतो. वही तुमच्या हातात मिळणार नाही. म्हणून अर्जात 'शोध' आणि 'नक्कल' हे दोन्ही शब्द हवेत. माझा अर्ज असा होता:

"प्रति, मा. दुय्यम निबंधक. विषय: पुस्तक क्र. ३ मध्ये शोध घेऊन मृत्युपत्राची प्रमाणित नक्कल मिळणेबाबत. महोदय, माझे पणजोबा (पूर्ण नाव, वडिलांचे नाव, धंदा, राहणार पेठ) हे दि. (तारीख) रोजी मयत झाले असून मृत्यूच्या नोंदीचा उतारा सोबत जोडला आहे. त्यांनी केलेल्या मृत्युपत्राची नोंद सन (वर्ष) ते सन (वर्ष) या काळातील सूची क्र. ३ मध्ये त्यांच्या नावे, तसेच व्यवस्थापक व लाभार्थी यांच्या नावे शोधून, नोंदणी अधिनियम १९०८ चे कलम ५७ अन्वये प्रमाणित नक्कल द्यावी. नोंद न आढळल्यास तसे लेखी कळवावे. नियमाप्रमाणे शोध व नक्कल फी भरण्यास तयार आहे."

शेवटून दुसरं वाक्य महत्त्वाचं आहे. "सापडत नाही" हे तोंडी उत्तर पुढे काही कामाचं नसतं. कोणत्या वर्षांत शोध झाला ते कागदावर असेल तर तीच वर्षं पुन्हा शोधावी लागत नाहीत. शोधाची फी वर्षागणिक असते, म्हणून आधीच्या पायऱ्यांवर वर्ष जेवढं नेमकं कराल तेवढे पैसे आणि दिवस वाचतील.

वर्षं निवडताना मृत्यूच्या तारखेला थांबू नका. मृत्युपत्र करणारा गेल्यावरही ते नोंदणीला दाखल करता येतं आणि त्याला मुदत नाही. त्यामुळे मृत्यूनंतरचीही काही वर्षं मागा. सूची ३ मध्ये करणाऱ्याबरोबर व्यवस्थापकाचं, म्हणजे मृत्युपत्र अमलात आणायला नेमलेल्या माणसाचं, नाव असतं, आणि करणारा वारल्यावर हक्क सांगणाऱ्यांचीही नावं चढतात. पणजोबांच्या नावाने नाही सापडलं तर थोरल्या मुलाच्या, जावयाच्या नावाने शोधायला सांगा. मागे कुठपर्यंत जायचं? १९०८ आधीही १८६४, १८६६, १८७१ आणि १८७७ चे नोंदणी कायदे होते, तेव्हा एकोणिसाव्या शतकातली मृत्युपत्रं मागायला संकोच करू नका.

कार्यालय कोणतं, हाही प्रश्न येतो. मृत्युपत्र मिळकत जिथे असेल तिथेच नोंदवावं असं बंधन नाही. घर सोलापुरात असलं तरी मृत्युपत्र बार्शीला किंवा पंढरपूरला नोंदवलेलं असू शकतं. मुलगा मुंबईच्या गिरणीत होता आणि म्हातारपण तिकडे गेलं असेल तर मुंबईतही. जुन्या वह्या तालुक्याच्या कार्यालयात नसतील तर जिल्हा निबंधकांच्या अभिलेखात आहेत का, ते विचारा. तिथेच पुस्तक ५ बद्दलही विचारा. मोहोरबंद पाकिटात मृत्युपत्र जिल्हा निबंधकांकडे ठेवून देण्याची सोय कायद्यात आहे, आणि त्याची नोंद या पुस्तकात होते. ठेवणारा वारल्यावर अर्ज आला की पाकीट अर्जदारासमोर उघडतात आणि मजकूर पुस्तक ३ मध्ये उतरवतात.

नावांच्या बाबतीत सोलापूरला वेगळी मेहनत आहे. इथे मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू चारही भाषा एकाच पेठेत नांदतात आणि लिहिणारा कारकून आपल्या कानाला जसं ऐकू आलं तसं लिहीत असे. सिद्राम, सिद्रामप्पा, सिद्धरामप्पा हा एकच माणूस असू शकतो. तेलुगू घरांत घराणं आधी आणि नाव नंतर, त्यामुळे आडनाव कुठलं यावरच घोळ होतो. अर्जात नावाची सगळी रूपं लिहा, आणि आडनावाखाली नाही मिळालं तर पहिल्या नावाखाली बघायला सांगा.

पाचवी पायरी: जिल्हा न्यायालय

सोलापूर हे मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ दिवाणी हद्दीत नव्हतं, त्यामुळे इथल्या हिंदू मृत्युपत्रांना प्रोबेट (मृत्युपत्र खरं असल्याचा न्यायालयाचा दाखला) सक्तीचं नव्हतं. म्हणजे न्यायालयात काही न सापडणं हे नेहमीचंच. पण ज्यांनी प्रोबेट घेतलं त्यांच्या घराण्याचं भाग्य मोठं, कारण १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या कलम २९४ प्रमाणे प्रोबेट झालेलं मूळ मृत्युपत्र न्यायालयाच्या दप्तरात जतन करायचं असतं. नोंदणी पुस्तकातल्या जुन्या नकला कारकुनाने उतरवलेल्या असतात. इथे मात्र पूर्वजाची स्वतःची सही किंवा अंगठा भेटू शकतो.

न्यायालयात प्रोबेटखेरीज आणखी दोन गोष्टी मागा. एक, १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन ८ खालचे वारस दाखल्याचे अर्ज. दुसरी, उत्तराधिकार प्रमाणपत्राचे, म्हणजे येणी आणि रोख्यांसाठीच्या सक्सेशन सर्टिफिकेटचे अर्ज. या अर्जांत वारसांची पूर्ण यादी द्यावी लागते. वर्ष आणि पक्षकाराचं नाव देऊन नक्कल विभागात अर्ज करायचा. न्यायालयीन कागदांतले काही ठरावीक मुदतीनंतर नष्ट करतात, पण प्रकरणाची फाईल गेली असली तरी नोंदवहीतली ओळ असू शकते.

मृत्युपत्रावरून भांडण झालं असेल तर वाईट वाटून घेऊ नका. अपील उच्च न्यायालयापर्यंत गेलं असेल तर निकालपत्रात घराण्याची वंशावळच छापलेली सापडते. बॉम्बे लॉ रिपोर्टर १८९९ पासून निघतं. इंडियन कानून या संकेतस्थळावर जुने निकाल फुकट वाचता येतात. शोधताना इंग्रजीत जुनं स्पेलिंग, 'शोलापूर' असं वाचलं जाणारं, तेच टाका.

संस्थानी आणि निजामी गावं

आजचा जिल्हा सगळाच इंग्रजी अमलात नव्हता. अक्कलकोट हे वेगळं संस्थान, मंगळवेढं सांगली संस्थानात. शेजारचं तुळजापूर, नळदुर्ग निजामाकडे. तिथल्या १९४८ आधीच्या कागदांना ब्रिटिश मुंबई इलाख्याचे नियम लावून शोधू नका. निजामी भागातले कागद उर्दूत असतात आणि फसली सनात, म्हणजे तिथल्या महसुली वर्षात. फसलीत साधारण ५९० मिळवले की इसवी सन येतो. शकात ७८ मिळवा, जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतची तारीख असेल तर ७९. मारवाडी-गुजराती घरांच्या कागदांत विक्रम संवत असतो, त्यातून ५७ किंवा ५६ वजा करा. शके १८५२, फसली १३४०, संवत १९८७ आणि इसवी सन १९३० ही एकमेकांना लागून असलेली वर्षं आहेत. मी हा ताळा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे.

नक्कल हातात आल्यावर

जुनी असेल तर ती मोडीत असेल. नक्कल मागतानाच मूळ पानाची छायाप्रत मागा. कुणी बाळबोधीत उतरवून दिलेल्या प्रतीत नावं बदललेली असतात. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत, त्यामुळे नावं वाचताना माणूस चकतो. मोडीवाचकाला दाखवण्याआधी तुम्हाला माहीत असलेली घराण्यातली नावं आणि गावं त्याला लिहून द्या.

वाचताना काही शब्द पाठ करून ठेवा. 'बिन' किंवा 'वल्लद' म्हणजे अमुकाचा मुलगा, 'कोम' किंवा 'भ्रतार' आला की नवऱ्याचं नाव, 'मयत' म्हणजे वारलेला, 'दस्तुर' म्हणजे ज्याच्या हातचं अक्षर तो. दोन साक्षीदारांची नावं कधीच सोडू नका. बहुतेकदा ते व्याही, मेहुणे, शेजारी किंवा त्याच धंद्यातले असतात. शेवटच्या पानावर ओळख पटवणारे वेगळे असतात, तेही उतरवा. ज्याला काहीच दिलेलं नाही त्याचं नाव का आलं, हेही विचारा. "यास वेगळा हिस्सा पूर्वीच दिला आहे" या एका ओळीतून आम्हाला एका धाकट्या भावाच्या वाटणीपत्राचा पत्ता लागला. ते पुस्तक १ मध्ये मिळालं.

पुस्तक ३ मधली दत्तकाची अधिकारपत्रंही याच वेळी शोधायला सांगा. मृत्युपत्रात दिलेला नसेल असा दत्तकाचा अधिकार १ जानेवारी १८७२ नंतर नोंदवणं सक्तीचं होतं. वंशावळीत एखादी शाखा अचानक दुसऱ्या गावातून उगवलेली दिसत असेल तर उत्तर बहुतेक इथे आहे.

प्रत्येक नकलेच्या पाठीमागे पेन्सिलीने कार्यालय, पुस्तक, वर्ष, दस्त नंबर आणि पान लिहा. हा पत्ता नसेल तर दहा वर्षांनी तुमच्याच मुलांना सगळं पहिल्यापासून करावं लागेल.

चोळीबांगडीच्या त्या ओळीवरून मी मंगळवेढ्याला गेले. मृत्युपत्रात गावाचं नाव होतं, नवऱ्याचं नाव होतं, तेवढ्यावर जुना फेरफार मिळाला. तिच्या नातवाची सून घरी होती. त्यांच्याकडच्या वंशावळीतही तिचं नाव नव्हतं. आता दोन्ही घरच्या वह्यांत आहे, आणि तिच्या नावापुढे सोलापूरचा दस्त नंबर लिहिला आहे.